पंचविसाच्या पुढं

आमचं मोजणं पंचविसाला थांबतं.
पंचवीस विड्या, एक कट्टा, दोऱ्याचे दोन वेढे,
मग पुन्हा एक.
निपाणीत सत्तावीस वर्षं हेच.
झोपेतसुद्धा माझी बोटं पंचविसाला आवळतात.
आमचे हे म्हणतात, गोधडीचं टोक कशाला बांधतीस गं?

म्हणून हिरेमठ सिस्टर तीस म्हणाल्या
तेव्हा पहिली अडचण तिथंच.

समाजमंदिरात सतरंजीवर रबराचं पोर आडवं होतं,
पाय नसलेलं, कमरेशीच संपलेलं.
सिस्टर गोकाककडच्या. मराठी यायचं,
पण घाईत कन्नड सुटायचं:
ओत्तु! बिडु! ओत्तु! बिडु!
दाब. सोड.
आम्हाला ऐकू आली बिडी.
पदर तोंडात कोंबून हसलो सगळ्या.

बिल्किस तेवढी हसली नाही.
तिचा थोरला खाणीतल्या पाण्यात गेला, त्याला तीन वर्षं.
वर काढला तेव्हा भोवती चौदा माणसं,
आणि चौघा-चौघांनी मिळून
उलटं टांगण्यापलीकडं कुणाला काही येत नव्हतं.
ती पुढं सरकली, रबराच्या छातीवर तळहात ठेवला.
सिस्टर म्हणाल्या, दाबणं सगळ्यांना जमतं,
बिडु जमत नाही.
छाती पुरती वर येऊ दे,
नाहीतर काळजात रक्त भरायचं कुठून?

मार्चात नळाला सहाव्या दिवशी पाणी.
मल्लव्वाचं निळं पिंप काठोकाठ,
शेजारी उपडी बादली, चढायला पुरेल एवढी.
मल्लव्वा जे ओरडली
ते शब्द मला अजून कळलेले नाहीत.

सहना. तीन वर्षांची.
ओठ पिंपाच्या रंगाचे.
कुणीतरी पाय धरून तिला उलटी करायला निघालं,
बिल्किसनं मनगटच धरलं त्याचं.
खाली ठेव. तू, एकशेआठ लाव.

हनुवटी उचलली. नाकाशी गाल नेला. काही नाही.
बुडालेल्याला आधी हवा, सिस्टरनी सांगितलेलं.
आणि मी तिथं अडले.
माझ्या तोंडात तंबाखूची पूड,
चुळा भरून भरून न गेलेला सत्तावीस वर्षांचा वास.
हा हिच्यात फुंकू?

फुंकला. गालात मावेल तेवढाच.
छाती उचलली. भाकरी टम्म फुगते तशी नाही,
नुसता पापुद्रा सुटावा, इतकीच.
अजून एक.

मग एका हाताचा तळवा, मधोमध,
छातीचा तिसरा हिस्सा खाली.
ओत्तु बिडु ओत्तु बिडु
तेवीस, चोवीस, पंचवीस
आणि हात थांबला.
खरंच थांबला. बोटं दोरा शोधू लागली.

सव्वीस, बिल्किस कानाशी म्हणाली.
सत्तावीस. अठ्ठावीस.
प्रत्येक फेरीला तेवढा एक आकडा तीच म्हणायची, मोठ्यानं,
जसा तो तिच्याच नावावर होता.

किती फेऱ्या, ते विचारू नका.
मध्येच तळव्याखाली काहीतरी हललं
जे माझं नव्हतं.
पाणी, दूध, सकाळच्या अवलक्कीचे दाणे माझ्या बाहीवर.
मग रडं, गंजक्या बिजागरीसारखं.

गाडी आली. चिकोडी, बेळगाव, की हद्द ओलांडून कोल्हापूर,
चुलता आणि ड्रायव्हर भांडत भांडतच दार लावून गेले.

अकराव्या दिवशी ती परत आली.
मला बघून आईच्या लुगड्यामागं लपली.
बरं झालं. मलाही तिच्याकडं नीट बघवेना.

त्याच आठवड्यात मुकादमानं माझे कट्टे भिरकावले.
सात कट्ट्यांत तीस-तीस.
वरच्या पाच कुणाच्या बापाच्या, म्हणाला.
मी दोरे सोडत बसले.
बिल्किसचा एकही कट्टा चुकला नव्हता.
ती पानं कापत होती, वर न बघता.